इलेक्ट्रिक स्कूटरचं चुंबक, चीनचे निर्बंध आणि ट्रॉम्बेची अणुभट्टी: या तिघांचा संबंध काय?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात 'रेअर अर्थ' मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम ही ती सात नावं. त्यातली बहुतेक शाळेत आवर्तसारणीच्या तळाशी, वेगळ्या ओळीत छापलेली आणि परीक्षेत कधीच न विचारली गेलेली.

काही आठवड्यांतच ही नावं वाहन उद्योगाच्या बैठकांमध्ये पोहोचली. पुण्याच्या बजाज ऑटोने जुलैमध्ये जाहीरपणे इशारा दिला की चुंबकं मिळाली नाहीत तर इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन थांबवावं लागेल. मग ऑक्टोबरमध्ये चीनने यादीत आणखी पाच नावं घातली. होल्मियम, अर्बियम, थुलियम, युरोपियम, यिटर्बियम. ट्रम्प आणि शी जिनपिंग यांच्या भेटीनंतर ही दुसरी यादी वर्षभरासाठी स्थगित झाली. एप्रिलची पहिली यादी मात्र कायम राहिली.

भारतात यावर झालेली बहुतेक चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरली. आपल्याकडे खाणी आहेत का, आणि कारखाने कधी उभे राहणार? २६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन रेअर अर्थ चुंबकं देशात बनवण्याची क्षमता उभी करणं, हे तिचं उद्दिष्ट.

तिसरा प्रश्न मागे राहिला. चुंबक बनवणं आणि चुंबक समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धातूच्या आत अणूंची इवली चुंबकं कशी मांडलेली आहेत, कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहेत आणि धक्का दिला की कशी हलतात, हे थेट पाहण्यासाठी शास्त्रज्ञांकडे एक खास साधन आहे. न्यूट्रॉन. आणि ते पुरवणारी यंत्रं जगात कमी होत चालली आहेत.

आधी स्कूटरच्या चुंबकाबद्दल

इलेक्ट्रिक वाहनांच्या बहुतेक मोटरींमध्ये निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं चुंबक असतं. निओडिमियमचे २, लोखंडाचे १४ आणि बोरॉनचा १ अणू, असं त्याचं ठरलेलं प्रमाण. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी ते स्वतंत्रपणे शोधलं.

हा साधा मिश्रधातू नाही. पितळेत तांबं आणि जस्त भेळेसारखं मिसळलेलं असतं, कोणता अणू कुठे येईल याला फारसा नियम नसतो. काही धातू मात्र एकत्र आले की रांगोळीच्या ठिपक्यांसारखी आपापली जागा धरून बसतात. अशा पदार्थांना आंतरधातू संयुगं म्हणतात. निओडिमियम चुंबक हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध संयुग.

पण ते शोधलं गेलं तेव्हा ही रांगोळी कशी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. १९८४ मध्ये जनरल मोटर्सच्या गटाने या पदार्थाच्या भुकटीवर न्यूट्रॉन सोडले आणि ते कसे विखुरतात यावरून आतली मांडणी उलगडली. एका घटकात ६८ अणू. निओडिमियम आणि बोरॉन ठरावीक थरांमध्ये, आणि त्या थरांच्या मधोमध लोखंडाची जाळी.

मांडणी कळल्यावर कामाची वाटणीही कळत गेली. ताकद प्रामुख्याने लोखंडाची. दिशा निओडिमियमची. निओडिमियमच्या आतल्या इलेक्ट्रॉनांच्या कक्षेचा आकार गोल नसतो, त्यामुळे ते स्फटिकात एका विशिष्ट दिशेलाच घट्ट बसतात आणि लोखंडालाही तिकडेच धरून ठेवतात. मोटर तापली की ही पकड सैल होते, म्हणून त्यात थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. चीनच्या एप्रिलच्या यादीत ही दोन्ही नावं आहेत. गाडी अडली ती इथे.

म्हणजे ज्याला आज सगळे 'चुंबकाचा तुटवडा' म्हणतात, तो खरं तर 'दिशा धरून ठेवणाऱ्या अणूंचा' तुटवडा आहे.

न्यूट्रॉनच का?

क्ष-किरणांनी अणूंच्या जागा उत्तम दिसतात. पण क्ष-किरण मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या विद्युतभारामुळे विखुरतात, चुंबकत्वाचा त्यांच्यावर होणारा परिणाम फार क्षीण असतो. न्यूट्रॉनचं उलट आहे. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे तो जाड धातूच्या तुकड्यातूनही आरपार जातो. आणि तो स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक आहे, त्यामुळे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक चुंबकीय अणूची दखल त्याला घ्यावीच लागते.

आणखी एक सोय आहे. अणुभट्टीत खोलीच्या तापमानापर्यंत मंदावलेला न्यूट्रॉन सेकंदाला साधारण २,२०० मीटर वेगाने जातो. त्या वेगाला त्याची तरंगलांबी दोन अणूंमधल्या अंतराएवढी असते आणि ऊर्जा अणूंच्या थरथरण्याएवढी. म्हणून एकाच प्रयोगात दोन गोष्टी कळतात. न्यूट्रॉन कोणत्या कोनात वळला यावरून अणू कुठे आहेत ते, आणि बाहेर पडताना त्याची ऊर्जा किती कमी-जास्त झाली यावरून ते काय करत आहेत ते.

अमेरिकेच्या क्लिफर्ड शल यांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडमध्ये एकाआड एक उलट दिशेला उभी असलेली अणुचुंबकं अशीच 'पाहिली'. कॅनडाच्या बर्ट्राम ब्रॉकहाउस यांनी ऊर्जेतला बदल मोजणारं यंत्र तयार केलं. दोघांना १९९४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, कामानंतर सुमारे चाळीस वर्षांनी.

एका रेषेतलं चुंबकत्व म्हणजे काय?

नेहमीच्या चुंबकात प्रत्येक अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. एखादा अणू भरकटला तरी बाकीचे त्याला ओळीवर आणतात. म्हणून फ्रिजवरचं चुंबक वर्षानुवर्षं चुंबकच राहतं.

समजा, शेजारी फक्त दोनच असतील तर? एक डावीकडे, एक उजवीकडे. अणू एका साखळीत उभे, आणि बाजूच्या साखळीशी जवळजवळ बोलणं नाही. याला अल्पमितीय चुंबकत्व म्हणतात. 'मिती' इथे पदार्थाच्या आकाराची नाही, तर अणुचुंबकांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधांची. हातात धरलेला स्फटिक लांब, रुंद, जाड असतोच; आतलं चुंबकत्व तेवढं एका रेषेत किंवा एका पातळीत अडकलेलं असतं.

जर्मनीच्या अर्न्स्ट आयझिंग यांनी १९२५ मध्ये गणिताने दाखवलं की अशा एका साखळीत कोणत्याही तापमानाला कायमची शिस्त टिकत नाही. त्यावरून तिन्ही मितींतही ती टिकणार नाही असा अंदाज त्यांनी बांधला, तो मात्र चुकला. तरीही आज त्यांचंच नाव त्या प्रारूपाला आहे. भौतिकशास्त्राला असले विनोद जमतात.

खरी गंमत पुढे आहे. लेझीम पथकाची एक लांब रांग डोळ्यांसमोर आणा. पहिल्याचा हात वर, दुसऱ्याचा खाली, तिसऱ्याचा वर, असं एकाआड एक. आता मधल्याच एकाने चुकून खालचा हात वर नेला. लागोपाठ तिघांचे हात वर झाले. चूक एकाची, पण बिघडलेले सांधे दोन: त्याच्या डावीकडचा आणि उजवीकडचा.

आता उजव्या सांध्याजवळच्या दोन शेजाऱ्यांनी आपापसांत हातांची अदलाबदल केली, तर बिघडलेला सांधा दोन जागा पुढे सरकतो. मागची रांग पुन्हा नीट दिसते. डावा सांधाही तसाच डावीकडे जाऊ शकतो. थोड्या वेळाने दोन बिघाड रांगेच्या दोन टोकांना पोहोचतात आणि मूळ चूक कुणी केली हे सांगता येत नाही. एका चुकीचे दोन अर्धे झाले, आणि दोघं स्वतंत्र फिरायला लागले. या अर्ध्या तुकड्यांना 'स्पिनॉन' म्हणतात.

मैदानात पुढे-मागे आणखी रांगा असत्या तर हे जमलं नसतं. सांधा सरकला की मधल्या सगळ्यांचं पुढच्या-मागच्या रांगेशी बिनसलं असतं आणि त्याची किंमत पावलागणिक वाढली असती. म्हणून स्पिनॉन मोकळे फिरायला साखळी ही आदर्श जागा आहे. हान्स बेथे यांनी अशा क्वांटम साखळीचं गणित १९३१ मध्येच सोडवलं होतं. प्रत्यक्षात ती साखळी दिसायला न्यूट्रॉनचं युग यावं लागलं.

धातूतही असं होतं?

अनेक वर्षं समज असा होता की हा खेळ ठरावीक पदार्थांतच दिसणार. तांब्याची काही ऑक्साइडं, काही क्षार. तिथे अणूचं चुंबकत्व लहान असतं आणि वीज वाहत नाही. रेअर अर्थ अणूंचं चुंबकत्व मोठं आणि कक्षेच्या आकारामुळे एका दिशेला खिळलेलं. शिवाय धातूत इलेक्ट्रॉन सगळीकडे मोकाट फिरतात. तिथे नाजूक क्वांटम साखळी कशी टिकणार?

२०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या प्रयोगाने ही समजूत मोडली. पदार्थ होता यिटर्बियम, प्लॅटिनम आणि शिसं यांचं आंतरधातू संयुग, २:२:१ या प्रमाणात. मेगन अॅरन्सन आणि इगोर झालिझन्याक यांच्यासह संशोधकांच्या गटाने त्याचे अनेक लहान स्फटिक एकाच दिशेने जुळवले, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या, जवळ थंड केले आणि त्यांवर न्यूट्रॉनचा झोत सोडला.

दोन गोष्टी दिसल्या. पहिली, चुंबकीय हालचालीची ऊर्जा फक्त एकाच दिशेने बदलत होती. बाकी दोन दिशांनी काहीही फरक नाही. म्हणजे संपूर्ण धातूच्या आत चुंबकत्व साखळ्यांमध्ये राहत होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. न्यूट्रॉनने दिलेली ऊर्जा एकाच लहरीत गेली असती, तर आलेखावर एक बारीक, स्पष्ट रेघ उमटली असती. इथे रुंद पट्टा उमटला. शंभराची नोट एकालाच दिली तर त्याच्याकडे शंभरच असतात. दोघांत वाटली तर तीस-सत्तर, चाळीस-साठ, कशीही वाटणी होऊ शकते. रुंद पट्टा म्हणजे ऊर्जा दोन तुकड्यांत वाटली गेल्याची खूण. स्पिनॉन, तेही रेअर अर्थ धातूत.

एका दिशेला खिळलेला मोठा अणू क्वांटम रांगेतल्या लहान सदस्यासारखा वागत होता. संशोधकांच्या मांडणीनुसार याचं मूळ त्याच कक्षेच्या आकारात आहे, जो निओडिमियम चुंबकात दिशा धरून ठेवतो.

मग यातून स्वस्त चुंबक मिळेल का?

नाही. यिटर्बियमच्या या संयुगाला दिशा आहे, पण खोलीच्या तापमानाला ते साधी टाचणीही उचलणार नाही. त्यात प्लॅटिनम आहे, म्हणजे किमतीचा विचारही नको. 'क्वांटम संगणकासाठी क्रांतिकारक शोध' असं लिहिण्याचा मोह अशा प्रत्येक शोधाच्या बातमीत दिसतो; इथे तो टाळलेला बरा.

त्याचं महत्त्व वेगळ्या जागी आहे. डिस्प्रोशियमशिवाय तापलेल्या मोटरीत टिकणारं चुंबक हवं असेल, तर रेअर अर्थ अणू आपली दिशा का आणि किती घट्ट धरतो, शेजाऱ्याशी कोणत्या मार्गाने बोलतो, हे मुळापासून कळायला हवं. नेहमीच्या चुंबकात इतके संबंध एकमेकांत गुंतलेले असतात की कोणाचा परिणाम कोणता हे वेगळं काढणं अवघड जातं. साखळीत फक्त दोन शेजारी असतात, गणित पूर्ण सोडवता येतं आणि प्रयोगाशी आकडा ताडून पाहता येतो. सिद्धांत बरोबर आहे की नाही, हे तपासायची ती चाचणीपट्टी आहे.

अर्थात ती चाचणी घ्यायला न्यूट्रॉन हवेत. भरपूर हवेत, कारण बहुतेक न्यूट्रॉन नमुन्याला न जुमानता आरपार निघून जातात.

न्यूट्रॉन कुठे मिळतात?

दुकानात मिळत नाहीत आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बनत नाहीत. एक तर संशोधन अणुभट्टी लागते, किंवा जड धातूवर प्रोटॉनचा मारा करणारा प्रचंड त्वरक लागतो. दोन्हींचा खर्च सरकारलाच झेपतो.

युरोपात २०१९ या एकाच वर्षात तीन केंद्रं बंद झाली: बर्लिनची बीईआर-२, पॅरिसजवळची ऑर्फे आणि नॉर्वेची जीप-२. म्युनिकजवळची अणुभट्टी मार्च २०२० मध्ये थांबली आणि पुढची काही वर्षं सुरूच होऊ शकली नाही. अमेरिकेत मेरीलँडच्या अणुभट्टीत फेब्रुवारी २०२१ मध्ये इंधनाचा एक भाग खराब झाला आणि तीही वर्षभराहून अधिक काळ बंद राहिली. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला असलेली, १९७१ पासून चालू असलेली अणुभट्टी या क्षेत्रातली पंढरी मानली जाते. तिच्या भागीदार देशांचा करार २०३३ पर्यंतचा आहे. स्वीडनमध्ये लुंडला नवं युरोपीय केंद्र उभं राहतंय, पण त्याचं वेळापत्रक वारंवार पुढे गेलं.

संशोधकांच्या वर्तुळात याला न्यूट्रॉनचा दुष्काळ म्हणतात. मागणी घटली म्हणून तो आलेला नाही. अणुभट्ट्या म्हाताऱ्या झाल्या, आणि नवी बांधायला राजकीय तयारी नाही.

याला ठळक अपवाद चीनचा. ग्वांगडाँग प्रांतात डाँगुआन इथे २०१८ मध्ये चीनचं त्वरकावर चालणारं न्यूट्रॉन केंद्र सुरू झालं. १०० किलोवॉटची त्याची शक्ती ५०० किलोवॉटवर नेण्याचं काम २०२४ मध्ये हाती घेतलं गेलं. म्हणजे ज्या देशाच्या हाती खाणी आहेत, शुद्धीकरण आहे, चुंबकांचे कारखाने आहेत, तो देश चुंबकाच्या आत पाहणारी यंत्रंही वाढवतोय. निर्यात परवान्यांच्या बातम्यांमध्ये ही बाजू क्वचितच येते, आणि दीर्घकाळात कदाचित तीच जास्त भारी पडेल.

भारताकडे काय आहे?

भारताची सुरुवात लवकर झाली होती. ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले पी. के. अय्यंगार त्याच दशकात कॅनडात ब्रॉकहाउस यांच्यासोबत काम करून आले आणि त्यांनी ट्रॉम्बेला न्यूट्रॉन विखुरणाचा गट बांधला. यंत्रं बाहेरून आणण्याऐवजी इथेच तयार केली गेली. अय्यंगार यांचं नाव बहुतेकांना १९७४च्या पोखरण चाचणीमुळे माहीत आहे. हे काम त्याच्या सावलीत राहिलं.

आज देशातल्या न्यूट्रॉन प्रयोगांचा मुख्य भार 'ध्रुव'वर आहे. १०० मेगावॉटची ही अणुभट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी क्रियाशील झाली. तिच्या शेजारची 'सायरस' २०१०च्या अखेरीस कायमची बंद झाली. 'अप्सरा'चा नवा अवतार २०१८ मध्ये सुरू झाला, पण त्याची शक्ती २ मेगावॉट.

भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ 'ध्रुव'च्या झोतावर साखळ्यांच्या आणि थरांच्या चुंबकत्वाचा अभ्यास करतात, त्यात ऑक्साइडं बरीच आहेत. विद्यापीठांतल्या संशोधकांनाही यूजीसी-डीएई कन्सोर्शियमच्या मुंबई केंद्रामार्फत इथे प्रयोग करता येतात. संभाजीनगरच्या किंवा कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत घडवलेला नमुना मानखुर्दच्या पुढे जाऊन तपासता येणं, ही सोय छोटी नाही.

मर्यादाही आहेत. 'ध्रुव'मध्ये दर सेकंदाला दर चौरस सेंटीमीटरमागे सुमारे १.८ लाख अब्ज न्यूट्रॉन असतात. ग्रेनोबलला सुमारे १५ लाख अब्ज. आकडे ऐकायला दोन्ही अफाट, पण फरक आठपटींचा. अणू कुठे आहेत हे 'ध्रुव'वर छान कळतं. ते काय करत आहेत, म्हणजे स्पिनॉनचा तो रुंद पट्टा पाहायचा, तर न्यूट्रॉन कितीतरी पटीने जास्त लागतात. त्यासाठी भारतीय संशोधक ब्रिटनच्या आयसिससारख्या परदेशी केंद्रांकडे अर्ज करतात. तिथे वेळ मिळालाच तर तो काही दिवसांचा असतो, आणि केंद्रं कमी झाली की रांग वाढते.

७,२८० कोटींची योजना कारखान्यांसाठी आहे. चुंबकाची जी कृती चाळीस वर्षांपूर्वी सापडली, ती देशात मोठ्या प्रमाणावर राबवण्यासाठी. ते गरजेचं आहेच. भाभा केंद्राच्या तंत्रज्ञानावर विशाखापट्टणमला उभारलेला समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा प्रकल्प मे २०२३ मध्ये देशाला अर्पण झाला होता, त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो. त्यापुढे ६,००० टन ही झेप मोठी आहे.

पण डिस्प्रोशियम कमी लागणारी किंवा न लागणारी कृती कुणाकडून विकत मिळणार नाही. ती शोधायची तर नमुने घडवावे लागतील, न्यूट्रॉनखाली ठेवावे लागतील, बहुतेक फसतील, पुन्हा घडवावे लागतील. 'ध्रुव'ने ऑगस्ट २०२५ मध्ये चाळीस वर्षं पूर्ण केली. तिच्या झोताच्या वेळेवर आज चुंबकांचे अभ्यासक, बॅटरीचे अभ्यासक आणि प्रथिनांचे अभ्यासक, सगळ्यांचाच डोळा असतो.